आधी बसू द्या

चर्च हा शब्द आम्ही मराठी ख्रिस्ती लोक बहुतेक वेळा इमारतीपुरता वापरतो. रंग चर्चला द्यायचा असतो, पावसाळ्यात गळतं ते चर्च. माणसांचा विषय निघाला की शब्द येतो ‘मंडळी’. मंडळीची सभा, मंडळीचे पाळक, मंडळीला सलाम सांगा. मत्तयाच्या शुभवर्तमानात येशू पेत्राला सांगतो की या खडकावर मी आपली मंडळी रचीन, तिथेही हाच शब्द आहे. उरलेला महाराष्ट्र तो पंगतीत वापरतो: “बसा मंडळी, पानं वाढलीत.” जुन्या पिढीतला नवरा तर बायकोचं नाव घ्यायचं टाळून “आमची मंडळी माहेरी गेलीय” असं म्हणायचा. इतका घरगुती शब्द आम्हाला मिळाला आणि आम्ही तो हजेरीपत्रकाला जुंपला, ही माझी तक्रार आहे.

आमच्या घराघरांत हल्ली एक वाद ठरलेला असतो. मुलगी म्हणते, देवावर माझा विश्वास आहे, पण दर रविवारी तिथे जाऊन बसायची गरज काय? 2020च्या मार्चमध्ये चर्चची दारं बंद झाली, उपासना मोबाइलवर आली, आणि काही घरांत ती मोबाइलवरच राहिली. भाजी निवडता निवडता उपदेश ऐकता येतो, हे एकदा कळलं की साडेआठला इस्त्रीचे कपडे घालून निघणं जिवावर येतं. वडीलधारे म्हणतात, विश्वास असता तर आली असतीस. दोन्ही पक्ष एकमेकांवर वैतागलेले, पण एका गोष्टीवर दोघांचं एकमत आहे: आधी विश्वास, मग मंडळी. विश्वास असेल तर मंडळी ही त्याची सोय, नसेल तर ढोंग.

मला हा क्रमच पटत नाही. मी पाहिलं आहे ते उलटं. माणूस आधी माणसांत येऊन बसतो. विश्वास मागाहून येतो, कधी फार उशिरा, आणि कधी येतही नाही. हे खरं असेल तर दारात उभं राहून प्रश्न विचारणारी मंडळी स्वतःचाच झरा बुजवते आहे.

हे मी पुस्तकात वाचून म्हणत नाही. बारा वर्षं मी चर्चची पायरी चढलो नव्हतो. नास्तिक वगैरे झालो होतो असं नाही, तितका विचारच केला नव्हता. वडील वारले तेव्हाची गोष्ट. ज्या मंडळीत त्यांची सगळी हयात गेली तिचं नाव मी घेणार नाही. तिथले सेक्रेटरी घरी आले, प्रार्थना केली, पाणी प्यायले आणि मग पिशवीतून पावतीपुस्तक काढलं. सहा वर्षांची वर्गणी थकली होती. ती भरल्याखेरीज कबरस्तानातल्या जागेची चिठ्ठी मिळणार नव्हती. रक्कम काही मोठी नव्हती, काकांनी खिशातून काढून दिली. सेक्रेटरींनी कार्बन पेपर सरळ केला आणि लिहायला घेतलं. सवयीने वडिलांच्या नावामागे ‘श्री.’ पडलं, ते खोडून त्यांनी ‘ख्रिस्तवासी’ लिहिलं. सावकाश, वळणदार अक्षरात. आतल्या खोलीत आई होती.

त्या माणसावर राग धरण्यात अर्थ नाही. नियम त्याने केलेला नव्हता. कबरस्तानाला कुंपण लागतं, वॉचमनला पगार लागतो, हे मलाही कळतं. पण त्या दिवशी मला समजलं की वडील मंडळीत होते म्हणजे एका यादीत होते. यादीत राहायला मला कारण दिसेना.

परतलो तेही काही मोठ्या साक्षात्काराने नाही. पुण्याच्या एका उपनगरात आम्ही भाड्याने राहायला गेलो. खालच्या मजल्यावरच्या मावशी मराठी मंडळीतल्या. गुडघ्यांमुळे त्यांना बस चढवत नव्हती. रविवारी मी त्यांना स्कूटरवरून सोडायचो आणि उपासना होईपर्यंत समोरच्या टपरीवर चहा घेत बसायचो. मंडळी एका शाळेच्या हॉलमध्ये जमायची, तीस-चाळीस माणसं. जुलैत एका रविवारी पावसाने झोडपलं आणि टपरीचं प्लास्टिक फाटलं, म्हणून मी आत गेलो. माझ्या आध्यात्मिक पुनरागमनाचं श्रेय त्या प्लास्टिकला आहे.

आत एक बाई सतरंजीची गुंडाळी घेऊन एकट्याच झटत होत्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, “हात रिकामे दिसतात. ते टोक धरा.” मी धरलं. नाव, गाव, कुठल्या मंडळीचे, बाप्तिस्मा झालाय का, काही विचारलं नाही. पुढच्या रविवारी म्हणाल्या, “सतरंजीवाले, आज लवकर.” तिसऱ्या की चौथ्या रविवारी मी गेलो नाही, तर संध्याकाळी मावशी जिना चढून वर आल्या, त्या गुडघ्यांनी, आणि सांगून गेल्या की आज लेकरं फरशीवर बसली. रागाने नाही, बातमी म्हणून.

कोणीतरी आपली वाट पाहतं आहे, तीही एका अगदी किरकोळ कामासाठी, याचं बळ मला तोवर ठाऊक नव्हतं. प्रेम करतो असं सगळेच म्हणतात. सतरंजीचं दुसरं टोक मात्र खरंच कोणाला तरी धरावं लागतं. मोबाइलवरच्या उपासनेबद्दल माझं एवढंच म्हणणं आहे: आजाऱ्याला, दूर नोकरीला असलेल्याला, दुबईतल्या नर्सला ती वरदान आहे. पण तिथे तुमच्यावाचून काही अडत नाही. तुम्ही गैरहजर राहिलात तर आकडा एकाने कमी होतो, लेकरं फरशीवर बसत नाहीत.

सात-आठ महिने मी असा सतरंजी घालत होतो आणि माझा कशावरच विश्वास नव्हता. विश्वासांगीकार, म्हणजे आपण कशाकशावर विश्वास ठेवतो ते सगळ्यांनी मिळून म्हणायचं निवेदन, सुरू झाला की मी ओठ मिटून उभा राहायचो. त्याची सुरुवातच ‘मी’ने होते, आणि ज्या गोष्टी त्यात आहेत त्या मला स्वतःच्या जबाबदारीवर म्हणवत नव्हत्या. प्रभूची प्रार्थना मात्र म्हणवायची. का, ते बऱ्याच दिवसांनी लक्षात आलं. तिच्यात ‘मी’ नाहीच. हे आमच्या स्वर्गातील पित्या. आमची रोजची भाकर आज आम्हास दे. भाकर एका माणसापुरती कोणी थापत नाही. पीठ मळलं की घरादाराची होते. त्या ‘आम्हास’मध्ये मी शेजाऱ्यांच्या जिवावर शिरत होतो. त्यांचा विश्वास होता, माझी भूक होती, आणि वाक्य एकच होतं.

मार्काच्या दुसऱ्या अध्यायात कफर्णहूमच्या घराची गोष्ट आहे. घरात मुंगी शिरायला जागा नाही, म्हणून चौघे जण पक्षाघात झालेल्या माणसाला छपरावर नेतात, छप्पर उस्तरतात आणि त्याला बाजेसकट खाली सोडतात. येशू त्याला बरं करतो ते ‘त्यांचा विश्वास पाहून’. त्यांचा. बाजेवरच्या माणसाच्या मनात काय होतं याबद्दल मार्क अवाक्षर काढत नाही. कदाचित तो वैतागलेला असेल, मला घरी सोडा म्हणत असेल. लहानपणापासून ही गोष्ट शंभर वेळा ऐकली, पण उपदेशाचा रोख नेहमी चमत्कारावर किंवा फोडलेल्या छपरावर. ते सर्वनाम कोणी दाखवलं नव्हतं. येशू पुन्हा उठल्यावर विश्वास न बसलेल्या थोमा या शिष्याचंही तसंच. त्याला आम्ही ‘संशयी’ म्हणून कायमचं नाव ठेवलं. पण संशय बोलून दाखवल्यानंतर आठ दिवसांनीही तो बाकीच्यांबरोबर घरात होता, आणि त्याला बाहेर कोणी काढलं नाही, हे कोण सांगतं?

मराठी मुलखातलं उदाहरण याहून जवळचं आहे. नारायण वामन टिळकांना एका गोऱ्या सहप्रवाशाने आगगाडीत नवा करार दिला, त्यांनी तो वाचला, डोंगरावरच्या प्रवचनाने ते हलले आणि 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. एकटा माणूस, एक पुस्तक, एक निर्णय. धर्मांतराची आपल्या डोक्यातली गोष्ट अशीच असते. लक्ष्मीबाईंची गोष्ट तशी नाही. नवऱ्याच्या त्या निर्णयाने त्यांचा संसारच मोडला. काही वर्षं त्या नातेवाइकांकडे राहिल्या. मग टिळकांकडे आल्या त्या सोवळं-ओवळं सांभाळत, वेगळ्या चुलीवर शिजवत. अडचण ख्रिस्ताच्या देवत्वाची नव्हती, पाणी कोणाच्या हातचं प्यायचं ही होती. नगर-राहुरीकडच्या त्या दिवसांत, माणसांत वावरता वावरता, त्यांची एकेक गाठ सुटत गेली. 1900 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांचं ‘स्मृतिचित्रे’ हे मराठीतल्या थोर आत्मचरित्रांपैकी एक मानलं जातं, पण आमच्या मंडळ्यांनी ते दारावर उभ्या असणाऱ्यांसाठीचं पाठ्यपुस्तक म्हणून वाचलेलं मला दिसत नाही. त्या बाईला पहिल्याच दिवशी कोणी विश्वासांगीकार म्हणून दाखवायला सांगितला असता तर काय झालं असतं याची कल्पना करून पाहा. नुसती कल्पनाही नको. बाईचा स्वभाव पुस्तकात आहे.

टिळकांनाही हे पुढे उमगलं असावं. 1917मध्ये त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली, संन्याशाची वाट धरली आणि ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही ख्रिस्तभक्तांना जागा होती. दोनच वर्षांत, मे 1919मध्ये, ते गेले आणि दरबार फार टिकला नाही. त्यांची गीतं आम्ही ‘उपासना संगीत’मधून आजही पेटी-तबल्यावर गातो. ती गाण्याची हौस आम्हाला आहे, दरबाराची नाही.

माझ्या म्हणण्याला अवघड जाणारं एक नाव मात्र घ्यायलाच हवं: पंडिता रमाबाई. 1883मध्ये इंग्लंडात त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे की ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त मिळाला नव्हता, आणि हे समजायला बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षं लागली. समजलं तेही एक पुस्तक वाचताना. म्हणजे त्या मंडळीत होत्या आणि तरी कोरड्या होत्या. ओल आली ती एकांतात. हे मी नाकारत नाही. सतरंजी घालणाऱ्या प्रत्येकाला देव भेटतो असा माझा दावा नाही. पण ती ओल आल्यावर बाईंनी काय केलं? दुष्काळात मध्य प्रांतातून, गुजरातेतून मुली आणि बाया आणून केडगावला ‘मुक्ती’ हे आश्रयस्थान उभं केलं. त्या मुली विश्वास शोधायला आलेल्या नव्हत्या. त्या उपाशी होत्या.

आणि इथे बाहेरचा आक्षेप येतो, तो टाळून चालणार नाही. “आधी बसू द्या म्हणजे आधी जाळ्यात ओढा. पोटासाठी बाटवायचा हाच तो धंदा.” मुक्तीवरही असे आरोप झाले. आज अनेक राज्यांत धर्मांतरविरोधी कायदे आहेत, आणि ‘आमिष’ या शब्दात किती गोष्टी बसवायच्या याला धरबंध राहिलेला नाही. आक्षेपात काहीच तथ्य नाही असं म्हणण्याइतका मी भाबडा नाही. धान्य, शाळेची फी, नोकरी यांच्या बदल्यात बाप्तिस्मा, असा व्यवहार जिथे झाला तिथे तो घाणच होता. पण सौदा आणि सोबत यांतला फरक कळायला कठीण नाही. सौद्यात शेवटी काहीतरी वसूल करायचं असतं. मला सतरंजीचं टोक देणाऱ्या बाईंना माझ्याकडून सतरंजी सरळ करून हवी होती, बाकी काही नको होतं. मी कायम तसाच, ओठ मिटून, राहिलो असतो तरी त्या पुढच्या रविवारी “आज लवकर” म्हणाल्याच असत्या. मंडळीची खरी कसोटी हीच धरावी: जो कधीच विश्वास ठेवणार नाही त्यालाही चहा तितकाच गरम मिळतो का?

आक्षेप घेणारे आणखी एक विसरतात. नगर जिल्ह्यातल्या खेड्यांमधले आमचे आजे-पणजे ज्या वस्त्यांमधून आले, त्यांना गावच्या पाणवठ्यावर आणि देवळात शिरकाव नव्हता. ‘इथे बस’ हे वाक्यच त्यांना नवीन होतं. त्याला आमिष म्हणायचं असेल तर ज्यांनी त्यांना इतकी वर्षं उभं ठेवलं त्यांनी आधी बोलावं.

अर्थात, याचा अभिमान मिरवायला आम्हीही फारसे पात्र नाही. लग्न जुळवताना “मूळचे कोण?” हा प्रश्न आमच्यातही हळूच विचारला जातो. विचारणारा कालच्या उपासनेत गलतीकरांस पत्रातला “तुम्ही सर्व ख्रिस्त येशूच्या ठायी एकच आहात” हा भाग वाचून आलेला असतो.

सरकारनेही दारात एक खुर्ची टाकून ठेवली आहे. 1950च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. 1956मध्ये त्यात शीख आले, 1990मध्ये बौद्ध. ख्रिस्ती आणि मुसलमान अजून बाहेर आहेत. या प्रश्नावर 2022मध्ये केंद्राने माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. नोव्हेंबर 2024मध्ये पुदुच्चेरीतल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ख्रिस्ती धर्म पाळायचा आणि केवळ आरक्षणासाठी हिंदू असल्याचा दावा करायचा, ही संविधानाची फसवणूक आहे. कायद्याचं तर्कशास्त्र आपल्या जागी. पण गावात ज्याला जातीवरूनच हाक मारतात त्याची जात बाप्तिस्म्याच्या पाण्याने धुऊन जात नाही, हे न्यायालयाबाहेरचं कुठलंही शेंबडं पोर सांगेल. परिणाम असा की देवाबरोबर बसायची किंमत मुलाच्या शिष्यवृत्तीत मोजावी लागते. मग माणसं दोन नावांनी जगतात, नाताळला मागच्या दाराशी उभी राहतात आणि रजिस्टर दिसलं की सटकतात. आमचे वडीलधारे त्यांना ‘अर्धवट’ म्हणतात. मला ती आमच्यापेक्षा जास्त मोल देऊन येणारी माणसं वाटतात. पूर्ण विश्वासाला आमचा दर रविवारचा पेट्रोलचा खर्च आहे. त्यांच्या अर्ध्याला अख्ख्या घराचं भवितव्य.

म्हणून माझी मागणी साधी आहे, आणि कोणत्याही सिनॉडच्या, म्हणजे वरच्या धर्मसभेच्या, ठरावाची वाट न पाहता पूर्ण करण्याजोगी. वर्गणीची बाकी आणि कबर यांचा संबंध तोडा. कुंपणाला पैसे लागतात तर कुंपणासाठी मागा, प्रेत घरात असताना मागू नका. मंडळीची मतदारयादी मंडळीच्या निवडणुकीच्या दिवशी काढा आणि उरलेले दिवस कपाटात ठेवा. यादीवरून झालेल्या भांडणांनी आमच्या कितीतरी मंडळ्या कोर्टात पोचल्या आहेत. आणि नवा माणूस आला तर त्याला ‘पाहुणे’ म्हणून उभं करून टाळ्या वाजवू नका. पाहुणा टाळ्या घेतो आणि जातो. त्याला काम द्या.

माझ्यापुरतं सांगायचं तर विश्वासांगीकार मी आता म्हणतो. कधी सुरू झालं ते सांगता येत नाही. ताप उतरताना नेमका क्षण सापडत नाही, तसं. काही ओळींवर आवाज अजून खाली जातो. शेजारचे सांभाळून घेतात.

आमच्या हॉलमध्ये दिवाळीच्या सुमारास हंगामाचा सण झाला. शेत कोणाकडे उरलेलं नाही, तरी मंडळी कुठून कुठून पहिलं फळ घेऊन येते: बाल्कनीतल्या कुंडीतल्या मिरच्या, गावाहून आलेली बाजरी, पपई, अंडी, एका बाईंनी तर स्वतः विणलेलं तोरण. उपासनेनंतर लिलाव. लिलाव पुकारणारा एक रिक्षावाला आहे, खणखणीत आवाजाचा. त्याची कागदपत्रं वेगळ्या नावाची आहेत, रजिस्टरात तो नाही, आणि पाळकसाहेबांनी त्याला कधी विचारलेलंही नाही. यंदा एक दुधी भोपळा मावशींनी तीनशेला घेतला आणि “परत देवाला” म्हणून टेबलावर ठेवला. मग तो चारशेला गेला, पुन्हा परत आला. पाचशे दहावर गाडी अडली. रिक्षावाल्याने भोपळा उंच धरला, सगळ्यांकडे पाहिलं, आणि स्वतःच म्हणाला, “पाचशे वीस. माझे.” लिलाव पुकारणाऱ्याने बोली लावायची नसते यावर मागच्या रांगेत वाद झाला. तो चालू असतानाच त्याने भोपळा रिक्षात नेऊन ठेवला आणि आत येऊन बाजरी पुकारायला घेतली.